जोडाला विश्रांती, पोटाला पिशवी

गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान सांगून झालं की समोरच्याचा पहिला प्रश्न क्वचितच कॅन्सरबद्दल असतो. "पिशवी लागणार का हो?" हाच असतो. पिशवी म्हणजे मल गोळा करायला पोटावर चिकटवतात ती. बरोबर आलेला मुलगा मोबाइलकडे बघतो, सून खिडकीबाहेर. मी म्हणतो, "लागेल, पण तात्पुरती." यातला 'पण'पासूनचा भाग कोणाच्याही कानात शिरत नाही.

म्हणून मी केसपेपर उलटा करतो आणि पेनाने आतडं काढायला बसतो. माझं चित्र इतकं वाईट असतं की निदान वातावरण जरा सैलावतं. तेच चित्र इथे शब्दांत काढतो.

मोठं आतडं पोटाच्या उजव्या बाजूने वर चढतं, आडवं जातं, डावीकडून खाली उतरतं. त्याचा शेवटचा साधारण 15 सेंटिमीटरचा भाग कमरेच्या हाडांच्या कढईत बसलेला असतो. तो गुदाशय. त्याच्या खाली गुदद्वार आणि ते आवळून धरणारे स्नायू. गाठ या स्नायूंतच शिरली असेल तर गुदद्वारासकट सगळं काढावं लागतं आणि मल बाहेर पडायची पोटावरची वाट कायमची होते. 1908 साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी ही शस्त्रक्रिया मांडली, आणि पुढची कित्येक दशकं गुदाशयाच्या कॅन्सरला हेच उत्तर होतं. सत्तरच्या दशकात गोल स्टेपलर रुळला, म्हणजे कढईच्या तळाशी, जिथे सुई-दोरा धरलेला हात पोचत नाही, तिथेही आतड्याची दोन टोकं जोडता येऊ लागली. 1982 मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी दाखवून दिलं की गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण न फाटता अखंड बाहेर काढलं तर गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण एकदम खाली येतं. या दोन गोष्टींमुळे आज बऱ्याच पेशंटचं गुदद्वार वाचतं. गाठ काढायची, वरचं निरोगी आतडं खाली ओढायचं आणि उरलेल्या बुडख्याला जोडायचं.

पिशवीची खरी गोष्ट या जोडापासून सुरू होते.

आतड्याचा कुठलाही जोड गळू शकतो, पण खालच्या गुदाशयाचा जोड सगळ्यांत बेभरवशाचा. जागा अरुंद, त्यातून पुरुषांची कढई आणखी अरुंद. खाली ओढून आणलेल्या आतड्याला रक्त पोचवणारी नळी लांबून येते. अनेकांना आधी रेडिएशन दिलेलं असतं, त्याने तिथलं मांस चिवट आणि भरून यायला आळशी झालेलं असतं. तंबाखू-सिगरेट, कमी हिमोग्लोबिन, कॅन्सरने झिजलेलं अंग, हे सगळं त्यात भर घालतं. जोड झाल्यावर आम्ही ऑपरेशन टेबलावरच त्याची परीक्षा घेतो. कढईत पाणी भरायचं, खालून हवा सोडायची आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. सायकलवाला घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतो, अगदी तसंच. आता काही ठिकाणी हिरवा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्यात आतड्याचा रक्तपुरवठाही बघतात. तरी टेबलावर पास झालेला जोड पाचव्या-सहाव्या दिवशी नापास होऊ शकतो. तसं झालं तर विष्ठा पोटात झिरपते, ताप भरतो, नाडी धावते, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर माणूस दगावतो.

मग यावर उपाय काय? जोड भरून येईपर्यंत त्याच्यावरून काही जाऊच द्यायचं नाही. प्लंबर नवा जॉइंट मारून सांगून जातो ना, "आज नळ सोडू नका." शरीराचा नळ बंद करता येत नाही, म्हणून जोडाच्या बरंच अलीकडे आतड्याला पोटावर तोंड काढून द्यायचं. तोच स्टोमा, आणि त्यावर चिकटते ती पिशवी.

इथे एक गैरसमज डॉक्टरमंडळींतही भेटतो. स्टोमा केला म्हणून जोड जास्त पक्का होत नाही. जोडाचं भवितव्य त्याला रक्त किती मिळतंय आणि त्याच्यावर ताण किती आहे यावर ठरतं. स्टोमा करतो ते एवढंच की जोड उसवला तरी त्यातून गळायला फारसं काही नसतं, त्यामुळे पुष्कळ गळती त्रास न देता आतल्या आत मिटून जाते. स्वीडनमध्ये खालच्या जोडाच्या 234 पेशंटना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं होतं. 2007 मध्ये निकाल आला. स्टोमा असलेल्यांत लक्षणं दाखवणारी गळती साधारण 10 टक्क्यांत झाली, नसलेल्यांत 28 टक्क्यांत. तातडीने पुन्हा पोट उघडावं लागलं ते स्टोमा असलेल्यांपैकी साधारण 9 टक्के लोकांचं, नसलेल्यांपैकी 25 टक्के लोकांचं. हे आकडे डोळ्यांसमोर असले की रात्री घरी झोप लागण्यासाठी सर्जन स्टोमा का करतो ते कळतं. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही बघा: स्टोमा न करताही दहातल्या सात जणांचं बरं चाललं होतं. त्या सातांना पिशवीचा त्रास फुकट झाला असता. फक्त ते सात कोण, हे आधी ओळखता येत नाही.

आता प्रकार. सगळ्यांत जास्त होतो तो लूप इलिऑस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा विळखा. मोठं आतडं सुरू होतं तिथून वीत-दीड वीत अलीकडचा विळखा पोटाच्या भिंतीतून बाहेर काढायचा, वरून अर्धा कापायचा आणि कापलेल्या कडा उलट्या दुमडून कातडीला शिवायच्या. शर्टाची बाही दुमडतो तशा. त्यामुळे भोक एकच दिसलं तरी तोंडं दोन असतात. वरच्या बाजूचं, जिथून मल येतो, ते दोन-अडीच सेंटिमीटर चोचीसारखं पुढे ठेवतात. खालचं तोंड बसकं असतं. ही बाही दुमडायची युक्ती 1952 मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी लिहून ठेवली. त्याआधी आतडं नुसतं बाहेर काढून ठेवत. लहान आतड्यातला रस पाचक असतो, तो आतड्याची बाहेरची बाजू आणि भोवतीची कातडी दोन्ही भाजून काढायचा. चोच असेल तर रस थेट पिशवीत पडतो. चोच बसकी राहिली तर पुढचे तीन महिने पेशंट आणि स्टोमा सिस्टर (स्टोमाची काळजी बघणारी नर्स) दोघंही सर्जनच्या नावाने खडे फोडतात, आणि बरोबरच करतात.

पूर्वी विळखा आत सरकू नये म्हणून त्याच्याखालून प्लास्टिकची काडी आडवी घालायचे, काही ठिकाणी अजून घालतात. तुलना करून पाहिल्यावर काडीचा फायदा दिसला नाही, उलट तिच्याभोवती पिशवी नीट चिकटत नाही. मी काडी सोडून बरीच वर्षं झाली.

दुसरा प्रकार लूप कोलॉस्टॉमी. विळखा मोठ्या आतड्याचा, बहुधा आडव्या भागाचा. येणारा मल घट्टसर, त्यामुळे अंगातलं पाणी कमी जातं. म्हणून मूत्रपिंडं आधीच नाजूक असलेल्या वयस्कर पेशंटमध्ये मी याचा विचार करतो. पण हा स्टोमा आकाराने मोठा, वास जास्त, आतडं बाहेर घसरण्याची खोड मोठी. शिवाय खाली नेलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा याच आडव्या भागाच्या कडेने जातो, तिथे धक्का लागला तर ज्या जोडासाठी एवढा खटाटोप केला तोच धोक्यात.

एका परिस्थितीत मात्र कोलॉस्टॉमीच करायची असते, आणि ती ओळखायला चुकलं तर महागात पडतं. कधी गाठीने वाट इतकी अडवलेली असते की किमो-रेडिएशन सुरू करण्याआधीच पोट फुगतं, तेव्हा आधी स्टोमा करावा लागतो. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक झडप असते. ती एकाच दिशेने उघडते. लहान आतड्याचा स्टोमा केला तर खाली गाठ आणि वर झडप यांच्यामध्ये मोठं आतडं कोंडून राहतं आणि फुगत जातं. तिथे तोंड मोठ्या आतड्यालाच काढायला हवं.

पिशवी टाळण्याचेही प्रयत्न चालू आहेत. एक 'घोस्ट' इलिऑस्टॉमी: विळख्याखालून एक पट्टी घालून तिचं टोक कातडीजवळ आणून ठेवायचं, आतडं आतच. जोड गळला तर तोच विळखा छोट्या भोकातून ओढून उघडायचा. नाही गळला तर पट्टी काढून टाकायची. युक्ती गोड आहे, पण गळती वेळेत पकडणारे डोळे वॉर्डात रात्रंदिवस हवेत. दुसरी जुनी पद्धत, टर्नबुल आणि कुटाइट यांची. एक क्लीव्हलँडचे, दुसरे साओ पावलोचे, दोघांनी 1961 मध्ये स्वतंत्रपणे मांडली. आतडं गुदद्वारातून काही सेंटिमीटर बाहेर काढून तसंच ठेवायचं, आठवडाभरात ते आजूबाजूला चिकटतं, मग बाहेरचा तुकडा कापून कडा शिवायच्या. पोटावर पिशवी नाही. पण तो आठवडा पेशंटसाठी कठीण असतो, हे चित्र न काढताही कळेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांचं एक काम असतं, त्यावर पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात. पोटावर स्टोमाची जागा खुणेच्या पेनाने ठरवणं. हे काम स्टोमा सिस्टर सर्जनपेक्षा चांगलं करते. झोपवून खूण केली तर उठून बसल्यावर ती नेमकी वळीत जाते, मग पिशवी दर दिवसाआड गळते. म्हणून झोपवायचं, बसवायचं, उभं करायचं, वाकवायचं. आमच्या एका मावशी नऊवारी नेसायच्या. सिस्टरने त्यांना घरून आणलेलं लुगडं वॉर्डातच नेसायला लावलं, ओचा आणि निऱ्या कुठे खोचतात ते पाहिलं आणि त्याच्या खाली बोटभर सोडून खूण केली. परकराची नाडी, पँटचा पट्टा, करगोटा, जुन्या ऑपरेशनचा व्रण, हे सगळं टाळायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती जागा पेशंटला स्वतःला दिसली पाहिजे. ढेरीच्या खालच्या अंगाला केलेला स्टोमा माणसाला आरशाशिवाय दिसत नाही. तुमच्या माणसाचं ऑपरेशन ठरलं असेल तर "खूण कोण करणार?" एवढं जरूर विचारा.

पहिल्यांदा स्टोमा पाहून दचकायला होतं. तो ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालचुटुक आणि ओला असतो. हात लावला तर दुखत नाही, कारण आतड्याला कातडीसारखी वेदना कळत नाही. पुसताना थेंबभर रक्त आलं तर चालतं, काळानिळा पडला तर ताबडतोब दाखवायचं. पिशवीत लाल दिसलं म्हणून रात्री दोन वाजता फोन आला की मी आधी विचारतो, "जेवणात बीट होतं का?" आणखी एक धास्ती: "खालूनही काहीतरी पडतंय." तो आतड्याचा चिकट स्राव. खालचं आतडं रिकामं असलं तरी ते स्राव करतच राहतं, अधूनमधून बसून तो काढून टाकायचा.

आता पाणी. इलिऑस्टॉमीचे पेशंट पुन्हा दवाखान्यात भरती होतात ते जोड उसवल्यामुळे कमी, अंग सुकल्यामुळे जास्त. मोठ्या आतड्याचं मुख्य कामच पाणी आणि मीठ शोषून घेणं. ते काम एका दिवसात बंद पडतं. सुरुवातीला दिवसाला लिटरभर जाणं ठीक, दीड लिटरच्या वर जायला लागलं की घंटा वाजली समजा. आणि इथेच घरच्यांची माया आडवी येते. "काका, पाणी प्या, नुसतं पाणी प्या," असं म्हणत तांब्यामागून तांब्या. जात असतं ते खारट पाणी, म्हणजे त्याच्याबरोबर मीठही. वरून साधं पाणी ओतलं की आतडं ते शोषायच्या ऐवजी अंगातलं मीठ आतड्यात ओढतं आणि सगळं मिळून पिशवीत येतं. जितकं पाणी प्याल तितकी पिशवी भरते, तितकी तहान वाढते. शहाळं, चहा, सरबत यांचीही तीच गत.

अशा वेळी ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट ग्लासात ही आपल्याकडची पद्धत इथे चालत नाही. मीठ घातलेली भाताची पेज, मिठाचं ताक, पिकलं केळं, साबुदाणा यांनी मल दाटतो. एरवी ब्लडप्रेशरसाठी मीठ कमी करा सांगितलेल्या माणसाला आता मीठ खा सांगायचं, यात पेशंटचा गोंधळ उडतो आणि तो साहजिक आहे. पण त्याच्या प्रेशरच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तशाच चालू राहिल्या तर सुकलेल्या अंगात मूत्रपिंडं बसतात. त्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. मल फार पातळ असेल तर लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा तास देतात. घरात मापाचं एक भांडं ठेवा, पहिले दोन-तीन आठवडे पिशवीतलं मोजून वहीत लिहा. लघवी गडद, उभं राहिलं की चक्कर, पायात गोळे, वर दीड लिटरचा आकडा, असं जुळून आलं तर सकाळची वाट पाहू नका. पहिले सहा आठवडे मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगा, फणस, सुकं खोबरं, मशरूम बाजूला ठेवा. त्यांचे तंतू स्टोमाच्या अरुंद वाटेत अडकतात.

पिशवीचं तंत्र एका आठवड्यात हाताला बसतं. तिची चिकटणारी तबकडी स्टोमाच्या मापाने कापायची, भोवती दोन-तीन मिलिमीटरच जागा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत सूज उतरून स्टोमा बारीक होतो, तेव्हा जुन्या मापाने कापत राहिलं तर उघडी पडलेली कातडी सोलते. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, भरगच्च झाली तर स्वतःच्या वजनाने सुटते. या चिकट पिशवीची कल्पना डेन्मार्कमधल्या एलिझे सोरेन्सन या नर्सची. 1954 मध्ये तिच्या बहिणीला स्टोमा झाला आणि ती घराबाहेर पडायला तयार होईना, तिच्यासाठी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईतच आहे. आधी पिशवी वापरलेल्या माणसाशी अर्धा तास बोललं की माझ्या चार व्हिजिटचं काम होतं.

आता 'तात्पुरती' या शब्दाचा हिशेब. पुस्तकात लिहिलेलं असतं, आठ ते बारा आठवड्यांनी बंद. पण ऑपरेशननंतर किमो असेल तर बहुतेक ठिकाणी ती संपेपर्यंत थांबतात, म्हणजे अर्धं वर्ष सहज जातं. मग कोणाची सोनोग्राफी राहते, कोणाचं हिमोग्लोबिन खाली, कोणाच्या घरात लग्न. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये निवडक पेशंटचा स्टोमा ऑपरेशननंतर 8 ते 13 दिवसांत बंद करून पाहिला, 2017 मध्ये आलेल्या निकालात वर्षभरातल्या गुंतागुंती त्यांच्यात कमी निघाल्या. फ्रान्समधल्या त्याआधीच्या प्रयोगात मात्र लवकर बंद केलेल्यांना जखमेचा त्रास जास्त झाला होता. म्हणून ज्याचा जोड तपासून पक्का भरलेला दिसतो आणि ज्याची तब्येत खणखणीत आहे, त्याच्यासाठीच ही घाई.

आणि जे पेशंटला आधी सांगितलं जात नाही, ते हे: साधारण पाचातल्या एकाची तात्पुरती पिशवी कधीच जात नाही. कोणाचा जोड गळून अरुंद होतो, कोणाचा कॅन्सर परत येतो, कोणी वयाने थकलेला असतो, कोणी म्हणतो, "आता हिची सवय झाली, पुन्हा टेबलावर नको." 'घाबरून जातील' म्हणून हा आकडा लपवणं मला पटत नाही. आधी कळलं असेल तर माणूस आठव्या महिन्यात फसवल्यासारखा बघत नाही.

बंद करण्याआधी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि बहुतेक ठिकाणी खालून औषध सोडून एक्स-रे काढतात, जोडातून कुठे झिरपत नाही ना ते पाहायला. बंद करायचं ऑपरेशन सहसा त्याच भोकातून, तासाभराचं. विळखा मोकळा करायचा, तोंडं जोडायची, आत सोडायचा. कातडी सरळ रेषेत शिवण्याऐवजी बटव्याची दोरी ओढतात तशी गोल आवळून मधे छोटं भोक ठेवलं तर जखमेत पू होण्याचं प्रमाण कमी राहतं. काही आठवड्यांत तिथे दुसऱ्या बेंबीसारखी खूण उरते.

पिशवी गेली की घरी पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस संडासातून बाहेर येत नाही. मल साठवणारा गुदाशयच काढलाय, त्याच्या जागी आलेल्या आतड्याला धरून ठेवायची सवय नाही. दिवसात दहा-बारा वेळा जावं लागणं, एकदा झालं की पाठोपाठ तीनदा, लागली की थांबता न येणं, गॅस की मल ते न कळणं. खालचा जोड आणि रेडिएशन दोन्ही असेल तर हे जास्त. इसबगोल, लोपेरामाइड, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, काहींना गुदद्वारातून कोमट पाण्याने आतडं धुण्याची पद्धत यांनी फरक पडतो. बरंचसं सुधारतं, पण वर्ष-दोन वर्षं जातात.

आमचे एक पेशंट कराडहून तपासणीला यायचे. पहिल्या वर्षी पुण्यापर्यंतच्या रस्त्यावर कुठल्या पेट्रोल पंपावरचं संडास स्वच्छ असतं, कुठल्या हॉटेलवाल्याला चहा न घेता विचारता येतं, सगळं त्यांच्या तोंडपाठ होतं. निघताना ते उपाशी निघायचे. परवा आले ते खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, साताऱ्याला मिसळ खाल्ली आणि थेट इथं उतरलो." मग जरा थांबून, "बोगद्यात जरा वाटलं होतं. पण धरलं."